कालची मेथी

॥ श्री ॥

नागपूर,
९ सप्टेंबर १९५६

चि. सौ. हौसास भगवंताचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोळ्याच्या आधी यायचं ते पोळा सरल्यावर आलं, पण त्यातल्या करंज्यांच्या वर्णनानंच पोट भरलं. पुढच्या वर्षी वर्णन कमी आणि करंज्या जास्त पाठव.

इकडे आमदार निवासात सगळ्यांच्या तोंडी एकच विषय आहे. एक नोव्हेंबरपासून आपला वऱ्हाड मुंबई राज्यात जाणार आणि इथली विधानसभा उठणार. कचेऱ्यांमधून फायली लाकडी खोक्यांत भरणं सुरू आहे. मी एका कारकुनाला गमतीनं म्हटलं की मलाही एखाद्या खोक्यात घाला. तो म्हणाला, साहेब, आमदारांची रवानगी करायचं काम मतदारांकडे आहे, आमच्या खात्याकडे नाही. बोलला ते खोटं नाही. फाल्गुनात निवडणूक आहे.

आता कामाचं. अकोल्याच्या एका साप्ताहिकाचा दिवाळी अंक निघतो आहे. विषय आहे ‘पुढारी आणि त्यांच्या माता’. मोठमोठ्या माणसांनी लिहिलंय आणि त्यांच्या पंगतीत मलाही पाट मांडलाय. निवडणुकीच्या तोंडावर असा लेख आला तर चांगलंच. कच्चा लेख सोबत धाडतो आहे. मायला वाचून दाखव. जगदेवरावांनाही दाखव, शाळेत पोरांच्या वह्या तपासतात तशा कडक नजरेनं त्यांनी तो तपासावा. संपादकांना तर फार आवडला. वाचताना डोळे भरून आले असं त्यांनी कळवलंय.

मायच्या गुडघ्यांना तेल लावत जा. तिला सांग की आमदाराच्या आईनं आता बाजारात बसू नये असं इथले लोक मला म्हणतात. ती ऐकणार नाही, तरी सांग.

लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू दे.

तुझा,
भगवंत

---

॥ श्री ॥

कारंजा,
१६ सप्टेंबर १९५६

ती. दादास हौसाचा शि. सा. नमस्कार.

तुझा लेख पोचला. मायचे गुडघे ठीक आहेत. बाजाराचं तुझं म्हणणं मी तिला सांगितलं. तिनं विचारलं की नागपूरचे लोक तिच्या वाफ्यातली भाजी नागपूरला बसून खाणार आहेत का. म्हणजे तो विषय संपला.

लेख मी ओसरीवर बसून मोठ्यानं वाचला. माय समोर मेथीच्या जुड्या बांधत होती. मातोश्री दिव्याच्या मंद प्रकाशात हरिश्चंद्राची कथा सांगत आणि सांगता सांगता त्यांच्या नेत्रांतून अश्रू ओघळत, हे तिनं मान हलवत ऐकलं. मातोश्री पहाटे उठून तुझ्या कानात देशसेवेचा मंत्र कसा सांगत, तेही ऐकलं. सगळं झाल्यावर म्हणाली, “बाई चांगली हाये. पन हे माय कोनाची व्हय?”

मी म्हटलं, अगं, तूच ती. तेव्हा तिला असं हसू लोटलं की पदर तोंडात कोंबावा लागला. म्हणाली, “माह्या डोयाले पानी कांद्यानं येते, हरिश्चंद्रानं नाई.”

दादा, रागावू नकोस. मास्तरांकडे मागच्या वर्षांचे दोन-चार अंक आहेत, त्यातलेही असले लेख मी वाचले. सगळ्या पुढाऱ्यांच्या आया दिव्याखाली गोष्टी सांगतात, सगळ्या उपास करतात आणि सगळ्या रडतात. एकाच बाईनं सगळे पुढारी जन्माला घातले आणि ती बिचारी दमून गेली असं वाटतं. आपली माय तुझ्याआधी झोपायची. दिवसभर पाटाचं पाणी वळवून वाफे भिजवायची आणि बाजार करून यायची, तिला गोष्टी सांगायला जीव कुठला राहणार?

तिनं तुला काय दिलं ते मी सांगू? बाबा गेले त्यानंतरचं आठव. माय तुला टोपलीशेजारी उभं करून ओरडायला लावायची. बाकीच्या बाया काल उरलेल्या भाजीवर पाणी मारायच्या आणि आजची म्हणून विकायच्या. पाणी आपली मायही मारायची, नाही असं नाही. पण ओरडायचं मात्र “कालची मेथी घ्या वो, कालची मेथी.” तू लाजेनं पुटपुटायचास आणि ती मागून ढुसणी द्यायची की मोठ्यानं बोल. काही गिऱ्हाईक हसून पुढं जायचं. गेलं तर गेलं. भर सभेत आज तुझा जो आवाज लागतो ना, तो त्या मेथीवर कमावलेला आहे. हे का नाही लिहिलंस?

दुसरी गोष्ट मी तुला सांगणार नव्हते. परवा मतदार यादीचा माणूस दारी आला होता. मायला नाव विचारलं तर तिनं “भगवंताची माय” एवढंच सांगितलं. तो म्हणाला, स्वतःचं नाव सांगा. ती म्हणाली, सारं कारंजा मला याच नावानं ओळखतं, तूच कसा नवा? त्यानं काहीतरी खरडलं आणि गेला.

मागच्या निवडणुकीतही तिनं असंच सांगितलं होतं. मतदानाच्या दिवशी तू धनजकडे होतास. माय नवं लुगडं नेसून, पेटीला वाहायला झेंडूची फुलं घेऊन गेली. तिथं कळलं की तिचं नावच यादीतून काढलंय, कारण कुणाची तरी आई हे काही नाव होत नाही. ती घरी आली नाही. समोरच्या निंबाखाली फुलं हातात धरून सांज होईपर्यंत बसून राहिली. तू निवडून आल्यावर मला शपथ घातली की हे तुला सांगायचं नाही. आता शपथ मोडते आहे, कारण नाही मोडली तर या खेपेलाही ती त्या निंबाखालीच बसेल.

लहान तोंडी मोठा घास घेतला. पोटात घाल आणि माझ्यावरची माया कमी करू नकोस.

तुझी,
हौसा

---

॥ श्री ॥

नागपूर,
२७ सप्टेंबर १९५६

चि. सौ. हौसास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी सणकून राग आला. संपादकाचे डोळे भरून येतात आणि माझ्या सख्ख्या बहिणीला हसू फुटतं, हा काय न्याय? लेख पेटीत टाकला आणि दोन दिवस पेटी उघडली नाही.

पण तो निंब काही डोळ्यांपुढून हलेना. त्या दिवशी माझ्या गळ्यात हार पडत होते आणि माय हातातली फुलं तशीच घेऊन घरी परतली, हे मला माहीतच नव्हतं. विचारायचंही सुचलं नाही. तिनं मला मत दिलं असणार हे मी धरूनच चाललो होतो.

मग लेख परत काढला. त्यात मातोश्री, जननी, माउली असं सगळं आहे, फक्त तिचं नाव कुठंच नाही. यादीवाल्याला तिनं सांगितलं नाही आणि मी लिहिलं नाही, म्हणजे दोघांची चूक सारखीच. तू हसू नकोस. तूसुद्धा पत्रात नवऱ्याला नुसतं ‘मास्तर’ म्हणतेस. जगदेवरावांचं नाव कागदावर आलं तर कागद पेटेल की काय?

लेख फाडला आणि नवा लिहून धाडला. पहिलंच वाक्य असं आहे: माझ्या आईचं नाव गोजराबाई. पुढं सगळी कालची मेथी आहे, पाणी मारण्यासकट. संपादकांनी कळवलंय की छापतो, पण डोळे भरून आल्याचं काही लिहिलेलं नाही. अंक येईपर्यंत मायला सांगू नकोस.

आणि काहीही करून तिचं नाव यादीत घाल.

तुझ्या फटकळपणाला माझे आशीर्वाद, तो असाच राहू दे.

भगवंत

---

॥ श्री ॥

कारंजा,
१८ नोव्हेंबर १९५६

ती. दादास शि. सा. नमस्कार.

मुंबईच्या पत्त्यावर हे पहिलंच पत्र. पोचलं की कळव. तिथं समुद्र आहे म्हणून अंघोळ खारी नसते ना, असं मायनं विचारलंय.

अंक आला. मास्तरांनी शाळेत मोठ्यानं वाचला, तिथून तो पेढीवर गेला आणि पेढीवरून बाजारात. बाजाराच्या दिवशी जो तो मायला “काय गोजराबाई, मेथी कालची का आजची?” म्हणायला लागला. ती घरी आली ती टोपली आपटूनच. म्हणाली, “माह्यं नाव बजारात काहून मांडलं त्यानं?” तिचा बाप वारल्यापासून त्या नावानं तिला कुणी हाक मारलेली नव्हती. आधी ती पुंजाजीची बायको होती आणि नंतर भगवंताची माय. त्या दिवशी ती अर्धी भाकर ताटात टाकून उठली. मी मनात म्हटलं, झालं, दादाला आता वर्षभर भाकर मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात सडा टाकता टाकता तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं की ती यादी अजून उघडी आहे का. मी हातातलं काम टाकून तिच्याबरोबर कचेरीत गेले. कारकुनानं नाव विचारलं. मी सांगणार तोच तिनं मला कोपरानं मागं सारलं आणि बाजारात ओरडते त्या आवाजात सांगितलं, “गोजराबाई.” कचेरीतले सगळे वळून पाहायला लागले. मग त्यानं नवऱ्याचं नाव विचारलं. तिथं मात्र ती अडली. पदर सावरला आणि मला म्हणाली, “बापाचं नाव तू सांग.” ते मी सांगितलं. असा दोघींनी मिळून तो अर्ज भरला.

परत येताना मी हसत म्हटलं, आता दादाचं एक मत पक्कं झालं. तर माझ्याकडे रोखून पाहत म्हणाली, “भगवंताची माय म्हनून लिवलं असतं त थे मत त्याचंच झालं असतं. आता नावानं लिवलं. आता थे माह्यं हाये. त्याले मांगा लागन.”

मला वाटलं थट्टा करते आहे. पण पुढचं ऐक. तुझ्याविरुद्ध उभा राहणारा उदयसिंग, धनजकडच्या तांड्यावरचा, तो बाजारात आला. मायच्या टोपलीसमोर उकिडवा बसला, मेथी घेतली आणि हात जोडून म्हणाला, “गोजराबाई, तुमचा लेक उभा हाये हे मले मालूम हाये. तरी मांगतो. मत मले द्या.” मायनं जुडीवर आणखी मूठभर मेथी घातली आणि विचार करते म्हणाली. दादा, ती खरंच विचार करते आहे. उदयसिंगाचं नाव निघालं की म्हणते, पोरगा बोलायला नरम आहे, त्यानं मागितलं तरी.

तू कधी येतोस? काळजी वाटते म्हणून विचारते आणि माया आहे म्हणून काळजी वाटते, एवढं समजून घे.

हौसा

---

॥ श्री ॥

मुंबई,
२७ डिसेंबर १९५६

चि. सौ. हौसास आशीर्वाद.

अंघोळ खारी नसते म्हणून मायला सांग, पण इथली मेथी अगदीच बेचव आहे. जुडी एवढीशी आणि वाळू फुकट.

मायच्या मताचं वाचून मनसोक्त हसलो. ती माझी आई आहे, हौसा. उदयसिंगानं हात जोडले म्हणून लेकाला सोडून देईल का? तू उगाच जिवाला घोर लावून घेतेस.

खरा घोर मला नाल्याच्या पुलाचा आहे. धनजच्या वाटेवरच्या त्या नाल्यावर पूल बांधून देतो असं मी मागच्या निवडणुकीत गावोगाव सांगितलं होतं. नागपुरात कागद सरकत सरकत शेवटच्या टेबलापर्यंत गेला होता आणि तेवढ्यात राज्यच हललं. आता ती फाईल ज्या खोक्यात आहे ते खोकं कुठं आहे हे इथं कुणाला माहीत नाही. मी रोज एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जातो. नागपुरात शिपायापासून सगळे ओळखीचे होते, इथं माझं नाव दोनदा सांगावं लागतं.

आपल्या कार्यकर्त्यांनी एक तोड काढली आहे. संक्रांतीनंतर नाल्यावर कोनशिला बसवायची. दगड घडवूनही झाला. त्यावर ‘मातोश्री गोजराबाई यांच्या शुभहस्ते’ असं कोरलंय. बघ, नाव घालायला या वेळी विसरलो नाही. मायनं हळद-फूल वाहून नारळ फोडायचा. अकोल्याहून फोटोवाला येईल. लेखामुळं तिला आता सगळे ओळखतात, तिनं नारळ फोडला की नाल्यापलीकडची गावं आपलीच. मंजुरी आज ना उद्या मिळेलच. तू तिला तयार ठेव आणि ते नवं लुगडं काढून ठेव.

मी दोन दिवस आधी येतो. तुझ्या हातची भाकर आणि तुझं भांडण, दोन्हीसाठी जीव आसुसलाय.

भगवंत

---

॥ श्री ॥

कारंजा,
८ जानेवारी १९५७

ती. दादास शि. सा. नमस्कार.

मी आधी माझं सांगते. तू निवडून यावंस असं मला फार वाटतं. कोनशिलेचं वाचून मला आनंदच झाला आणि मी मायपुढं तुझीच बाजू मांडली. फोटो येईल, चारचौघांत मान मिळेल, दगडावर नाव कोरलंय, सगळं सांगून पाहिलं.

तिनं एकच प्रश्न विचारला. पुलाची मंजुरी आली का? मी म्हटलं, यायची आहे. पुन्हा विचारलं, आली का? मी म्हटलं, नाही.

मग म्हणाली, “कालच्या मेथीले पानी मारून राह्यला थो. पानी मारलं त मारलं, म्या बी मारते. पन आजची म्हनून ओरडू नको म्हना त्याले.”

ती नारळ फोडायला येणार नाही, दादा. मी हात जोडले तरी नाही म्हणाली. मला भीती वाटते. दगड बसवला नाही तर नाल्यापलीकडचे लोक विचारतील की पाच वर्षं काय केलंस, आणि उदयसिंग रोज एकेका गावात पायी फिरतो आहे. दगड बसवलास तर माय तिथं नाही हे सगळ्यांना दिसेल. मास्तर म्हणतात की राजकारणात थोडं असं चालतं. मी काय म्हणू? माझं अर्धं मन मास्तरांकडे आहे आणि अर्धं मायकडे.

माय मात्र निवांत आहे. काल तुझ्यासाठी तिळाचे लाडू वळत होती. एकीकडे तुझा कार्यक्रम मोडते आणि दुसरीकडे लाडवांत गूळ जास्त घालते, कारण तुला तसे आवडतात. या बाईचं काय करावं ते तूच ठरव.

माझ्यावर चिडलास तरी चालेल, पण तिच्याशी बोलणं टाकू नकोस, एवढी भीक घाल.

हौसा

---

॥ श्री ॥

मुक्काम धनज,
१९ फेब्रुवारी १९५७

चि. सौ. हौसास आशीर्वाद.

तू तापानं पडून होतीस, त्यामुळं कारंज्याच्या सभेत काय झालं ते तुला लोकांकडून तिखट-मीठ लावून कळलं असेल. माझ्याकडून ऐक.

कोनशिला मी रद्द केली हे तुला माहीतच आहे. कार्यकर्ते महिनाभर गाल फुगवून बसले. त्यांची समजूत पटावी म्हणून मी ठरवलं होतं की भाषणात पुलाचा विषयच काढायचा नाही. सभा बाजाराच्या दिवशी होती. समोर सगळ्या भाजीवाल्या बाया टोपल्या घेऊन बसलेल्या आणि त्यांच्यात आपली माय. मी नव्या राज्यावर बोललो, कापसाच्या भावावर बोललो, शाळांवर बोललो. टाळ्याही पडल्या.

तेवढ्यात माय उभी राहिली. गुडघ्यावर हात टेकून उठली आणि म्हणाली, “भगवंतराव, पुलाचं काय झालं?”

हौसा, जन्मात पहिल्यांदा तिनं मला भगवंतराव म्हटलं. भगवंत्या म्हणून मारलं असतं तर बरं वाटलं असतं. शेजारी बसलेल्यानं माझा सदरा ओढला आणि कानात सांगितलं की लवकरच होईल असं म्हणा. माझ्या तोंडात ते आलंही होतं. पण ती तशीच उभी होती, टोपलीशेजारी, आणि मला त्या मागून मिळणाऱ्या ढुसणीची आठवण झाली.

मी म्हटलं, “गोजराबाई, पूल झाला नाई. हे वचन कालची मेथी हाये, ताजं नाई. मंजुरी हातात नाई, खोकं अजून धुंडून राह्यलो. घ्याची त घ्या.” मग हात जोडले आणि मत मागितलं. सगळ्यांना मागितलं, पण डोळे तिच्यावर होते.

तिनं हो म्हटलं नाही. टोपली उचलून डोक्यावर घेतली आणि घरी गेली. एक बाई खुदकन हसली, त्यामागून आणखी काही जणी हसल्या. नाल्यापलीकडची काही माणसं मात्र उठून गेली आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. आमचे लोक म्हणतात की मी निवडणूक तिथंच हरलो. हरलोही असेन. आज तो नाला पायी ओलांडून इथं आलो, चपला हातात घेऊन. रात्री छान झोप लागेल असं वाटतं, पुष्कळ दिवसांनी.

ताप उतरला की दोन ओळी लिही. तुझ्या दोन ओळी माझ्या सभेपेक्षा लांब असतात हे मला माहीत आहे.

भगवंत

---

॥ श्री ॥

कारंजा,
९ मार्च १९५७

ती. दादास शि. सा. नमस्कार.

ताप उतरला, मतदानही झालं. तू आता निकालाच्या धावपळीत असशील, तरी हे वाच.

सकाळी माय नवं लुगडं नेसली. झेंडूची फुलं परसातलीच होती. आम्ही दोघी गेलो. निंबाजवळून जाताना तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. अधिकाऱ्यानं यादीत बोट फिरवत नाव वाचलं, गोजराबाई पुंजाजी. ती म्हणाली, “मीच.” बोटाला शाई लावून घेतली, हातात कागद घेतला आणि पडद्याआड गेली, जिथं प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी मांडली होती.

तिथं तिला इतका वेळ लागला की अधिकारी खाकरायला लागला. बाहेर आली तेव्हा हात रिकामे होते. मी विचारलं, टाकलं का? मान हलवली. कुणाला? तर म्हणाली की पडदा कशाला लावलाय मग?

माझा नंबर तिच्या मागोमाग होता. मी घाईनं आत गेले, कारण फुलं कुठल्या पेटीवर वाहिली आहेत ते पाहायचं होतं. खरं सांगते, स्वतःचं मत टाकण्याआधी मी तेच पाहिलं. दादा, फुलं तुझ्या पेटीवरही होती आणि उदयसिंगाच्या पेटीवरही. दोन्हीकडे अगदी सारखी.

वाटेत तिच्याशी बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण ती इतकी खुशीत होती की बोलावंच लागलं. तिनं मला रेवड्या घेऊन दिल्या, मी लहान असल्यासारख्या. आणि वाटेत भेटेल त्याला शाईचं बोट दाखवत होती.

निकाल काहीही लागो, आमचं घर तुझंच आहे. जगदेवराव नमस्कार सांगतात. बघ, लिहिलं. कागद पेटला नाही.

हौसा

---

॥ श्री ॥

कारंजा,
२४ मार्च १९५७

चि. भगवंताले मायचा आसिरवाद.

हौसा लिवून राह्यली, म्या सांगून राह्यली. तिले म्हनलं, माहे बोल सुधरवू नको, जसे हायेत तसे लिव.

तू निवडून आला, बरं झालं. थोडक्यात आला, हे आनखी बरं झालं. लय मतानं आला असता त तुले वाटलं असतं का कालची मेथी सदाच खपते. ती सदा खपत नाई बावा. त्या रोजी मले बी वाटलं होतं का नाई खपत.

नाल्यापल्याडच्या गावाइनं उदयसिंगले मत देलं. त्याइचा राग धरू नको. चिखलात पाय त्याइचेच जातात, तुहे नाई. उदयसिंग काल बजारात आला होता. तुले हार घातला म्हने त्यानं. म्या त्याले म्हनलं, आता दोघं मिळून खोकं धुंडा. थो म्हने, धुंडतो. त्याले बी मुंबईले नेजो एकडाव, त्याचा तांडा नाल्यापाशीच हाये. त्याले जे मालूम हाये थे तुह्या साहेबाले मालूम नाई.

तुहा दगड कार्यकर्त्याइनं टाकून देला होता. म्या थो गाडीवर आनला अन् गोठ्यात उभा करून ठेवला. दगड काई मेथी नोहे, थो सुकत नाई. पूल झाला का लावजो. नारळ म्याच फोडीन. माहे गुडघे तवरोक टिकले पायजेत, म्हनून लवकर कर.

मत कोनाले देलं थे इचारू नको. हौसा दर रोज इचारते, तिले बी सांगतलं नाई. पन तू त्या रोजी सभेत हात जोडून मांगतलं, मले लय बरं वाटलं. मले आतालोक घरातल्या कोनी काई मांगतलं नव्हतं. सारे घेऊनच जात. पाच वर्सानं पुन्हा येजो. म्या पूल पाहीन, मंग तुह्याकडं पाहीन.

जेवन टायमावर करत जा. मुंबईची मेथी खाऊ नको.

दादा, इथं मी लेखणी थांबवली आणि तिला विचारलं की खाली नाव काय लिहू, गोजराबाई लिहू का? म्हटलं, आता सगळ्यांना माहीत झालंय, तूही सही करावीस. तिनं शाई लागलेलं बोट पाहिलं. ती शाई पुसट होत आली आहे आणि ती रोज तिच्यावर पाणी पडू न देण्याची खटपट करते. मग म्हणाली, “गोजराबाई यादीत लिवलं हाये, तिथंच राहू दे. त्याले काय यादी पायजे? त्याले माय लिव.”

तुही,
माय